तिसरा परीक्षक

२ जुलै

आजपासून मी तज्ज्ञ आहे. बारावी पास, बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडलेलं — आणि तज्ज्ञ. पुढे घोळ नको, म्हणून नीट क्रमाने लिहून ठेवतो.

रंजीता मॅडमनी त्यांचा शोधलेख ‘ज्ञानपळस’ त्रैमासिकाला पाठवला. पाठवला म्हणजे आमच्याच दुकानातून. टाइपही मीच केला होता. मॅडम इथे कुरखेड्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतात आणि पीएच.डी. करतात. त्रैमासिकाचा नियम असा, की लेख छापण्याआधी तीन तज्ज्ञांनी तो तपासायचा. लेखकाला कळू द्यायचं नाही कोण तपासतंय, आणि तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही कोणी लिहिलंय. नियम चांगला आहे. पण त्या तज्ज्ञांची नावं मागवतात कोणाकडून? लेखकाकडूनच! मॅडमच्या गाईड सरांनी तीन नावं देऊन टाकली — एक त्यांचे साळे, दुसरे साळ्यांचे मित्र, तिसरे गुणवंतराव सर. गुणवंतराव सर याच कॉलेजातून रिटायर झाले.

आता गुणवंतराव सरांचा ईमेल म्हणजे आमचं दुकान. त्यांना ईमेल लागतो फक्त पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला आणि गॅस बुकिंगला. तो धनराजभाऊंनी काढून दिलेला, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहिलेला. आज त्यात लेख येऊन पडला.

धनराजभाऊ दुकानाचे मालक. त्यांना दाखवला तर म्हणाले, “लिव, उत्तम हाय, छापा. आन् ते आधारवाले कवाचे उभे हायेत, तिकडे पाह्य.”

न वाचता?

“काऊन, टाइप करताना वाचला नाई का?”

टाइप करताना कोणी वाचत नाही. अक्षरं दिसतात, लेख दिसत नाही. हे भाऊंना सांगितलं असतं तर दुकानभर हसले असते.

३ जुलै

दुपारी प्रिंट घेऊन गुणवंतराव सरांकडे गेलो. मनात होतं, सर रागावतील, म्हणतील माझ्या नावानं असले उद्योग करू नका, आणि मी सुटेन.

सरांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसले होते, समोर टीव्ही चालू.

“कोणाचा लेख?”

नाव झाकलेलं आहे सर.

“ते ठीक. पण कोणाचा?”

रंजीता मॅडमचा.

“मंग उत्तम लिव. गुणाची पोरगी हाय, माझ्याच वर्गात होती.”

मी म्हटलं, सर, पोरगी उत्तमच आहे, पण लेख?

सर एवढे हसले की पट्टी सरकली. “बाबू, मी जलमभर उत्तमच लिवलं. कोणाचं अडवून आपल्याले काय भेटते? आता वाचाले गेलो तं डोळ्यातून पाणी येते.”

आतून रुखमाबाई म्हणाल्या, “टीव्हीनं नाई येत पाणी. कागद पाह्यला का येते. लग्नापासून असंच हाय ह्यायचं.”

निघताना सरांनी हाक मारली. “तुले वाचाचा असन तं वाच. तुले जे वाटन ते माझ्या नावानं लिव. माझी ना नाई.”

झालं. नकार घ्यायला गेलो होतो, अधिकार घेऊन आलो.

५ जुलै

लेख वाचला. तीनदा. शब्दकोश घेऊन.

विषय: धान रोवणाऱ्या बायांच्या टोळ्या. टोळी कशी बनते, गुत्ता म्हणजे कामाचा ठेका कोण ठरवतं, मजुरी कशी वाटतात. मॅडमनी साठ बायांना विचारून लिहिलंय. निष्कर्ष असा — ‘टोळीत कोणतेही मतभेद आढळले नाहीत. शंभर टक्के महिलांनी पूर्ण समाधान व्यक्त केले.’

वाचायला छान वाटतं. कुठेतरी टोचतं, पण कुठे ते सापडत नाही. दोन किरकोळ शंका लिहून ठेवल्या. एका तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज एकशे एक होते. आणि ‘सहसंबंध’ म्हणजे काय, ते कुठेच सांगितलेलं नाही.

फॉर्मवर चार चौकोन आहेत. स्वीकारावा. किरकोळ दुरुस्त्या. मोठ्या दुरुस्त्या. नाकारावा. मी कर्सर चारही चौकोनांवरून फिरवून पाहिला. क्लिक नाही केलं. नुसतंच फिरवलं.

७ जुलै

सापडलं! आणि सापडलं ते लेखात नाही, दुकानात.

बाजाराचा दिवस. आमच्या गावचे पवनकाका सातबारा काढायला आले. मला पाहून म्हणाले, “काय निकेश, बरं हाय न इथी?” भाऊ माझ्या मागेच उभे राहून पावती फाडत होते. मी म्हणालो, एकदम मस्त आहे काका. काही तक्रार नाही.

पंख्याचं तोंड वर्षभरापासून भाऊंच्या खुर्चीकडे आहे. मला तो फक्त ऐकू येतो. सुट्टी मागितली की भाऊंच्या कंबरेत चमक निघते. तरी मी म्हणालो, एकदम मस्त. आणि तोंडातून शब्द निघाला तेव्हाच त्या साठ बाया डोळ्यासमोर आल्या.

त्यांच्या मागे कोण उभं होतं?

८ जुलै

पाठवलं. शब्दन् शब्द इथे उतरवून ठेवतो.

‘१. तक्ता क्र. ३ मधील टक्क्यांची बेरीज एकशे एक होते. खुलासा व्हावा. २. सहसंबंध म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला कळेल असे लिहावे. ३. साठपैकी एकाही स्त्रीने तक्रार केली नाही, हे खरे वाटत नाही. प्रश्न विचारताना टोळीची प्रमुख बाई तिथे हजर होती काय? असल्यास ती नसताना पुन्हा विचारावे.’

चौकोन: मोठ्या दुरुस्त्या.

वाटलं, मॅडम चार ओळी वाढवतील आणि लेख आणखी चांगला होईल. घरी येताना चक्क शीळ वाजवत होतो.

१६ जुलै

शीळ वगैरे विसरा.

मॅडम दुकानात आल्या त्या स्कूटी स्टँडवर न लावताच. ती पडली. तिच्याकडे पाहिलंही नाही त्यांनी.

“निकेश, हे उत्तर टाइप कर. दोघं म्हणते उत्तम, छापा. आन् हा तिसरा! कोण हाय हा मुडदा? कोण्या शहरात पंख्याखाली बसून लिवत असन?”

पंखा भाऊंकडे होता. भाऊंनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखं करत मागच्या खोलीत गेले.

मग मॅडम स्टुलावर बसल्या आणि सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्यांच्या पीएच.डी.ची मुदत एकतीस ऑगस्टला संपते. त्याआधी एक लेख स्वीकारला गेल्याचं पत्र जोडलं नाही तर प्रबंध जमाच होत नाही. नोंदणी रद्द. सहा वर्षांचं काम पाण्यात, आणि कॉलेजातली कायमची जागा कायमचीच गेली.

मला हे कोणी का सांगितलं नाही? पण सांगणार कसं — नियमच तसा आहे ना, कोणाला काही कळू द्यायचं नाही.

मॅडम सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो.

“टक्के मिळवून एकशे एक होतात म्हणते. दशांश काढून आकडे पूर्ण केले का होतेच न बाप्पा! चौथीतल्या पोट्ट्याले कळते.”

मला कळलं नव्हतं. आता कळलं. कान तापले.

“सहसंबंध म्हणजे काय म्हणते. आता परीक्षकाले हे बी मीच शिकवू?” पण शिकवलं. दोन ओळींत, उदाहरण देऊन. इतकं सोपं की मी टाइप करता करता मान डोलावली.

मग तिसरा प्रश्न. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि थांबल्या. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो.

“टोळीची मुख्य, इतवारीबाई होती,” शेवटी म्हणाल्या. “पुरा वेळ होती. तिनंच तं चहा पाजला सगळ्यायले.”

उत्तर अर्धवट ठेवून निघून गेल्या. स्कूटी मी उचलून दिली.

१७ जुलै

झोप नाही. एका प्रश्नाने एका माणसाची सहा वर्षं बुडवता येतात. पाठवलेलं परत मागवता येतं का, ते सगळीकडे पाहिलं. येत नाही.

१९ जुलै

मी भाऊंना म्हटलं, मॅडमना खरं सांगून टाकू का.

“सांग. मंग त्रैमासिकाले समजन का गुणवंतराव सर म्हणजे झेरॉक्सचं दुकान हाय. लेख रद्द, बाई रद्द, सर रद्द. आन् दुकान बी.” नंतर जरा मऊ होऊन म्हणाले, “प्रश्न खरा होता का तुझा?”

हो.

“मंग गप राह्य.”

आणि पंखा माझ्याकडे फिरवला. थोड्या वेळाने परत स्वतःकडे फिरवला, पण फिरवला होता.

२८ जुलै, रविवार

आजचा दिवस! पाय अजून चिखलाचे आहेत, आधी लिहून घेतो.

मॅडमनी भाऊंकडून मला एका दिवसासाठी मागून घेतलं. (भाऊंची कंबर आज ठीक होती.) रस्ताभर पाणी. स्कूटी नाल्याजवळ ठेवून बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावरून चालत गेलो. टोळी रोवण्याला लागलेली — बाया रांगेत वाकलेल्या, मागे मागे सरकत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत. प्रत्येक बोलण्याला एक हशा. धुऱ्यावर इतवारीबाई, डोक्यावर पावसासाठी प्लॅस्टिकचा घोंगता, नजर सगळीकडे.

मॅडमची युक्ती मला तिथेच कळली. म्हणाल्या, “इतवारीबाई, हा आमचा टायपिंगवाला. शेतकऱ्याचा पोरगा म्हणवते आन् याले रोवता येत नाई. तुमच्यापेक्षा चांगलं कोण शिकवन?”

इतवारीबाईंनी मला वरून खालून पाहिलं. “हात पाह्यले तं लिवणारे दिसते. चाल.”

आणि मला पार टोकाच्या बांधीत घेऊन गेल्या. आम्ही इकडे, आणि तिकडे मॅडम एकेका बाईजवळ चिखलात वाकून, रोवता रोवता बोलत.

माझं काय झालं ते लिहू नये असं आहे, तरी लिहितो. मी लावलेले पऱ्हे एकामागून एक तरंगून वर येत होते.

“अंगठ्यानं दाब! टिकली लावून राह्यला का भुईले?”

पुन्हा लावले. पुन्हा वर.

“माय माय, यायले तं बांधी बी नाई म्हणते.”

मग मी वाकून नीट ओळीत, सारखं अंतर मोजून, एक रांग लावली. इतवारीबाई उभ्या राहून पाहत राहिल्या. “सुरेख हाय. अशानं दसऱ्याले पुरा होईन रोवणा.” पलीकडच्या बांधीतल्या बायासुद्धा हसल्या.

पण बाई काय मूर्ख नाहीत. शिदोरी सोडताना मला हळूच म्हणाल्या, “मॅडमले काय इचाराचं हाय ते मले समजते रे. मी धुऱ्यावर उभी राहतो तं त्या गोड बोलते. मी नसलो का खरं बोलते. इचारू दे. मले बी घरी जाऊन कोणी इचारत नाई, टोळी वागवताना काय होते ते.”

हे मी परतताना मॅडमना सांगितलं. त्यांनी स्कूटी थांबवली आणि पावसात उभ्या राहून डायरीत लिहून घेतलं. छत्री मी धरली.

३१ जुलै

तीन दिवस मॅडम रोज जाऊन आल्या. सगळ्या जणी समाधानी नाहीत. हात सावकाश चालणाऱ्या बाईचा वाटा गुपचूप कमी होतो. म्हातारी झाली की तिला कोणी ‘येऊ नको’ म्हणत नाही. नुसती हाक मारत नाहीत सकाळी. सोमारी नावाची एक म्हातारी आहे, तिला तीन वर्षं झाली हाक आली नाही. ती अजून सकाळी शिदोरी बांधून दारात बसते. मॅडमना म्हणाली, “टोळीतल्यायलेच इचारून राह्यली तू. जे टोळीत नाई त्यायले काऊन नाई इचारत?”

हा प्रश्न परीक्षकालाही सुचला नव्हता. मला, म्हणजे.

८ ऑगस्ट

नवा लेख टाइप केला. या वेळी टाइप करताना वाचला. एका जागी थांबलो तर मॅडम म्हणाल्या, “काय झालं, चुकलं का काही?” नाही म्हटलं, बोट दुखलं.

‘मतभेद आढळले नाहीत’ हे वाक्य गेलं. त्याजागी सोमारीची शिदोरी आली. इतवारीबाईंचंही म्हणणं आलं, की टोळी वेळेत निघाली नाही तर गुत्ता जातो, आणि गुत्ता गेला की सगळ्याच जणी घरी.

पाठवताना मॅडम म्हणाल्या, “त्या मुडद्याले आता तरी पटन का?”

बहुतेक पटेल, मी म्हणालो. आणि बटण दाबलं.

१३ ऑगस्ट

लेख पुन्हा सरांच्या ईमेलवर. पुन्हा चार चौकोन.

वाचला. उत्तम आहे. खरोखरचा उत्तम, सरांचा नव्हे. पण — एक प्रश्न राहतोच. सोमारीसारख्या किती? गावात अशा आणखी असतील. विचारलं पाहिजे. विचारलं तर मॅडमना पुन्हा महिना लागेल, आणि महिना नाही.

जेवताना हाच विचार. रस्त्यातही हाच. शेवटी गुणवंतराव सरांकडे गेलो. पट्टी निघाली होती. लेखातला सोमारीचा भाग मी मोठ्याने वाचून दाखवला. रुखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मी म्हटलं, एक प्रश्न उरलाय सर. काय करू?

“उरला तं उरू दे. तिच्या पुढच्या लेखाले काहीतरी लागन का नाई?” मग म्हणाले, “या पोरीचं आतापर्यंतचं समदं मी न वाचता पास केलं रे. केवढं राह्यलं वाचाचं.”

चौकोन: स्वीकारावा. खाली लिहिलं, ‘सोमारीबाईंसारख्या स्त्रियांचा स्वतंत्र अभ्यास पुढे व्हावा.’

२३ ऑगस्ट

पत्र आलं. स्वीकारला!

मॅडमनी पेढे आणले. भाऊंनी दोन उचलले आणि म्हणाले, “तिसऱ्या परीक्षकाच्या वाटचा मी खातो.” मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

पत्रात खाली संपादकांची टीप होती. पहिल्या दोन परीक्षकांचे अभिप्राय स्वल्पविरामापर्यंत सारखे निघाले म्हणे. म्हणून ‘ज्ञानपळस’ यापुढे लेखकांनी सुचवलेले तज्ज्ञ घेणार नाही. ज्यांचा लेख छापला, त्यांनीच दुसऱ्या कोणाचा एक लेख तपासून द्यायचा.

भाऊ म्हणाले, “गेलं आपलं तज्ज्ञाचं खातं.” मला हलकं वाटलं. थोडं वाईटही.

२८ ऑगस्ट

प्रबंध जमा झाला. पोचपावतीची झेरॉक्स आमच्याकडेच काढली, तीन प्रती. पैसे घेतले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, आता गुणवंतराव सरांच्या पाया पडून येतो. मी म्हटलं, त्यांचा डोळा दुखतोय, आठ दिवसांनी जा. म्हणाल्या, “डोळ्याच्या पाया नाई पडत मी.”

गेल्या.

२९ ऑगस्ट

मॅडम दुकानावरून गेल्या. आत आल्या नाहीत. हात हलवला. नेहमीसारखाच हलवला की वेगळा, ते ठरवता येत नाही.

११ सप्टेंबर

गाईड सर स्वतः आले, लेख टाइप करायला. प्रमोशनसाठी एक कमी पडतोय म्हणे. विषय: आठवडी बाजारातले विक्रेते. हातात कागद नाही. बाकावर टेकून, पान चघळत सांगत होते.

“दोनशे विक्रेत्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. लिव.”

कोणत्या बाजारातल्या, सर?

“तालुक्यातल्या लिव न. तू टाइप करते का गाईड करते मले?” भाऊंकडे पाहून हसले. “आन् समाधानी टाक शंभर टक्के. नाई, खोटं वाटन. अठ्ठ्याण्णव टाक.”

टाकले. माझं काम टाइप करणं.

जाताना म्हणाले, “नावं मागत नाई म्हणते आता. कोणाकडे पाठवतेत कोण जाणे. पाठवू दे. माझा लेख कोण अडवते?”

२४ सप्टेंबर

मॅडमना तपासायला लेख आला, तो त्यांनी दुकानात येऊन उघडला. नाव झाकलेलं. दोनशे विक्रेते, अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी. मी स्क्रीनकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे; गाईड सरांची भाषा त्यांनाही पाठ आहे. त्यांची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे, आणि तिथे गाईड सर बसणार आहेत.

“तपासणाऱ्याचं नाव कळत नाई न लेखकाले?”

नाही कळत.

“पक्कं?”

पक्कं.

त्यांनी स्टूल माझ्या शेजारी ओढलं. पंखा भाऊंच्या खुर्चीकडून आमच्याकडे फिरवला. भाऊंनी पावतीपुस्तकाने वारा घेतला.

“मंग लिव. पह्यला प्रश्न तूच टाक. तुले सवय हाय.”